धाकटा कॅमेरा, थोरला कॅमेरा

प्रत्येक घराण्यात एक माणूस असा असतो की ज्याला सगळे एकाच विषयावरचे प्रश्न विचारतात. कुणाला पंचांग विचारतात, कुणाला आयुर्विमा. मला विचारतात कॅमेरा. 'अरे, युरोप टूरला चाललोय, कुठला घेऊ?' इथपासून 'माझ्या फोनमध्ये चंद्र मोठा का येत नाही?' इथपर्यंत. मी फोटोग्राफर नाही, नोकरी करून उरलेल्या वेळात फोटो काढणारा माणूस आहे. पण नातेवाईकांना एवढा फरक पुरतो, त्यामुळे उत्तरं द्यावी लागतात. (माझ्या मामेभावंडांनो, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. राग मानू नका.)

या वेळचा प्रश्न मात्र नेहमीसारखा सहलीचा नव्हता. आमचा भाचा सोन्या, वय वर्षे चोवीस, चिपळूणला एका स्टुडिओत तीन वर्षं उमेदवारी करतोय. लग्नं, बारशी, शाळेची गॅदरिंग, पासपोर्ट फोटो सगळं. आता त्याला स्वतःचं काम सुरू करायचंय. त्याच्याकडे त्याने पगारातून घेतलेला कॅनन ईओएस आर५० आहे. हा कंपनीचा नवशिक्यांसाठीचा मिररलेस, २०२३ साली आलेला. आणि त्याला हवाय ईओएस आर५, जो घेऊन व्यावसायिक लोक लग्नं आणि वाघ दोन्ही टिपतात. मधलं अंतर पैशाचं. अमेरिकेत बाजारात आले तेव्हा नुसत्या बॉडीची किंमत आर५०ची सुमारे ६८० डॉलर आणि आर५ची ३८९९ डॉलर होती. म्हणजे एका थोरल्यात पाच धाकटे येऊन वर सुटे पैसे उरतात. हे अंतर भरून काढायला माझ्या धाकट्या बहिणीच्या पाटल्या गहाण ठेवायच्या, असा घरात बेत शिजत होता. त्या पाटल्या आमच्या आईच्या.

सोन्या म्हणाला, "मामा, तू फक्त एकदा सांग की धंद्याला मोठा कॅमेरा लागतोच. तू सांगितलंस की आई ऐकेल."

बहीण फोनवर म्हणाली, "भाई, तू फक्त एकदा सांग की आहे त्यात भागतं. तू सांगितलंस की तो ऐकेल."

घ्या! मी ठरवलं की दोघांनाही काही सांगायचं नाही, आधी दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवून बघायचे. पुण्याच्या एका मित्राने त्याचा आर५ पाच दिवसांसाठी दिला. सोबत दोन लेन्स: २४-७० एफ/२.८ आणि १००-४०० एफ/५.६-८. शिमग्याला पोफळीला जायचं होतंच. म्हटलं, परीक्षा तिथेच.

पोफळी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चिपळूणहून कराडला निघालं की कुंभार्ली घाट चढायच्या आधी, अगदी सह्याद्रीच्या पायाशी हे गाव आहे. नाव पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडांवरून आलं असणार असं आपण म्हणू. महाराष्ट्राला मात्र ते ठाऊक आहे कोयनेच्या विजेमुळे. घाटावर शिवाजीसागर, तिथलं पाणी बोगद्यातून डोंगराच्या पोटात चारशे मीटरहून जास्त खाली येतं आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली चाकं फिरवतं. पहिल्या टप्प्याचे ७० मेगावॅटचे चार आणि दुसऱ्याचे ८० मेगावॅटचे चार, असे ६०० मेगावॅट इथेच तयार होतात. आमचे वडील त्याच वीजगृहात होते. आमचं बालपण वसाहतीत गेलं आणि नंतर वडिलांनी जवळच छोटं घर बांधलं.

आता कॅमेऱ्याकडे. 'मिररलेस' म्हणजे काय, हे बहिणीने विचारलं तेव्हा मी सांगितलं ते असं. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश एका तिरप्या आरशावर पडून वर डोळ्यापर्यंत जायचा. बटण दाबलं की आरसा खट्‌कन वर उचलला जायचा आणि प्रकाश फिल्मवर (पुढे सेन्सरवर) पडायचा. मिररलेसमध्ये तो आरसाच काढून टाकला. सेन्सर सतत बघत असतो आणि जे दिसतं ते एका चिमुकल्या पडद्यावर आपल्याला दाखवतो. २००८ साली पॅनासॉनिकचा जी१ आला, २०१३ ला सोनीने ए७ काढून मोठा सेन्सर या प्रकारात बसवला, आणि २०१८ ला निकॉन आणि कॅनन या दोन्ही जुन्या सरदारांनी आपापले मोठे मिररलेस आणले. आज धाकटा घ्या की थोरला, आरसा कुणातच नाही. "म्हणजे दोघं एकाच जातीचे," बहीण म्हणाली. तिला तेवढंच हवं होतं!

जात एकच, पण अंगकाठी वेगळी. धाकट्याचं वजन बॅटरी आणि कार्डासकट ३७५ ग्रॅम, सोबत मिळणारी १८-४५ची लेन्स १३० ग्रॅम. दोन्ही मिळून अर्धा किलो. थोरला ७३८ ग्रॅम, त्यावर २४-७०ची लेन्स ९०० ग्रॅम, म्हणजे एक किलो सहाशेच्या वर. बाजारात भाजी आणायला जाताना फरक कळत नाही, लग्नात आठ तास गळ्यात अडकवून उभं राहिलं की कळतो. धाकट्यात २४ मेगापिक्सेल, थोरल्यात ४५. ऐकायला दुप्पट वाटतं, पण कागदावर छापायचं म्हटलं तर दर इंचाला ३०० ठिपके धरून धाकट्याचा फोटो २० इंच बाय १३ इंच आणि थोरल्याचा २७ बाय १८. आपल्याकडे लग्नाचा अल्बम साधारण १२ बाय १८ चा असतो आणि बाकी सगळं व्हॉट्सॲपवर जातं. म्हणजे धाकट्याचे पिक्सेलसुद्धा वापरून संपत नाहीत.

खरा फरक सेन्सरच्या आकारात आहे. थोरल्याचा ३६ बाय २४ मिलिमीटर, धाकट्याचा २२.३ बाय १४.९. क्षेत्रफळ काढलं तर थोरला अडीचपटीहून जास्त. सोन्याच्या आजीला (माझ्या आईला) समजावं म्हणून मी सांगितलं की पावसात पागोळीखाली एक परात ठेवली आणि एक ताटली ठेवली, तर पाऊस दोघांवर सारखाच पडतो, पण परातीत पाणी जास्त साठतं. सेन्सरवर प्रकाश असाच साठतो. आई म्हणाली, "मग पाऊस भरपूर असेल तर ताटलीपण भरेलच की." खरं सांगतो मंडळी, पुढच्या पाच दिवसांत आम्ही जे काही शोधून काढलं त्यातलं निम्मं या एका वाक्यात होतं.

पहिला दिवस भरपूर पावसाचा, म्हणजे भरपूर उन्हाचा. पोफळीला सकाळचं ऊन उशिरा पोचतं, कारण पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे. पण एकदा पोचलं की काही लपवत नाही. अंगण, तुळस, गडगा, वाळत घातलेले फणसाचे गरे, शेजारच्या काकू, त्यांची मांजर. प्रत्येक गोष्टीचे दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो. संध्याकाळी चिपळूणला जाऊन त्यातल्या दहा जोड्या सहा बाय आठच्या छापून आणल्या, मागे पेन्सिलने खूण केली आणि घरातल्यांसमोर पत्त्यांसारख्या मांडल्या. कुठला फोटो महागड्या कॅमेऱ्याचा, ओळखा!

कुणालाही ओळखता आलं नाही. सोन्यालाही नाही. काकूंनी स्वतःच्या दोन फोटोंतला एक ताबडतोब उचलला आणि म्हणाल्या, "हा मोठ्या कॅमेऱ्याचा, यात मी बरी दिसत्ये." उलटून बघितलं तर धाकट्याचा. कारण अगदी साधं होतं. मोठा कॅमेरा रोखल्यावर काकू पदर सारखा करून ताठ उभ्या राहिल्या होत्या. छोटा हातात होता तेव्हा त्या आईशी बोलत होत्या आणि हसल्या होत्या. हे पुढेही चार दिवस दिसत राहिलं. थोरला बाहेर काढला की लोक 'फोटोला' उभे राहतात. धाकट्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि त्यामुळे माणसं तशीच राहतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम वाईट जागा शोधली, एक पोफळीची बाग. आत काळोखी सावली आणि मध्ये मध्ये जमिनीवर पांढरेफटक कवडसे. अशा ठिकाणी एक तर कवडसे जळतात, नाहीतर सावली काळी होते. कवडसे सांभाळून फोटो काढले आणि घरी लॅपटॉपवर सावलीचा भाग उजळला. इथे पहिल्यांदा थोरल्याने आपलं थोरलेपण दाखवलं. त्याच्या सावलीत खोडावरचं शेवाळ, जमिनीवरच्या झावळ्या, पाटाचं पाणी सगळं हळूहळू वर आलं. धाकट्याचंही आलं, पण त्यात रवाळ ठिपके आले, रव्याच्या लाडवासारखे. सोन्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं.

पण त्याच दिवशी संध्याकाळी उंबरावर राखी धनेश आला आणि पारडं उलटं फिरलं. १००-४०० ची लेन्स थोरल्यावर चारशेची चारशेच राहते. धाकट्यावर तीच लेन्स छोट्या सेन्सरमुळे ६४० असल्यासारखी चालते. थोरल्याचा फोटो तेवढाच कापून घेतला तर त्यात १७ मेगापिक्सेल उरतात, धाकट्याकडे पूर्ण २४. लांबचा पक्षी, चांगला उजेड, त्याच लेन्सवर धाकटा चक्क सरस! डोळा ओळखून फोकस धरण्यातही तो मागे नव्हता, कारण तो तीन वर्षांनी नंतर जन्मलेला. (थोरला २०२० चा. २०२४ मध्ये त्याची दुसरी आवृत्तीही आली.) कॅमेऱ्यांच्या घरात धाकटं भावंडं बऱ्याच गोष्टी थोरल्याची पुस्तकं वाचूनच शिकतं.

मग आली पालखीची रात्र.

शिमग्यातली ग्रामदेवतेची पालखी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. सहाणेवर गर्दी, ढोलताशे, गुलाल, मानकऱ्यांची लगबग, गाऱ्हाणं आणि प्रत्येक वाक्याला सगळ्या गावाचं 'व्हय महाराजा'. आणि मग खांद्यावरची पालखी नाचायला लागते. उजेड म्हणजे चार हॅलोजन आणि होमाचा जाळ. फोटोग्राफीच्या दृष्टीने याहून अवघड काही नाही. विषय हलतोय, खांदे हलतायत, उजेड नाही, आणि मागून धक्के. फ्लॅश मारला तर देवीच्या चांदीच्या रूप्यांवर नुसता पांढरा डाग, शिवाय लोकांचा रसभंग.

नाचती पालखी गोठवायची तर शटर निदान १/२५० सेकंद हवं. थोरल्यावर एफ/२.८ ची लेन्स, आयएसओ ३२००, काम झालं. धाकट्यावर त्याची सोबतची लेन्स ४५ मिलिमीटरला एफ/६.३ पर्यंतच उघडते. २.८ आणि ६.३ मध्ये प्रकाशाचा फरक पाचपट. म्हणजे तेवढ्याच शटरला आयएसओ १६००० लागला. त्या फोटोत पालखी होती, माणसंही होती, पण चेहऱ्यांवर जणू कुणी वस्त्रगाळ वाळू टाकली होती. सोन्या एवढंच म्हणाला, "बघ मामा."

मी बघितलं. आणि मग दोन मिनिटं गर्दीबाहेर येऊन आम्ही लेन्सची अदलाबदल केली. दोन्ही कॅमेऱ्यांचं लेन्स बसवायचं तोंड एकच आहे, त्यामुळे थोरल्याची २४-७० धाकट्यावर बसते. दिसतं विचित्र, उंदराने नारळ उचलल्यासारखं. शिवाय छोट्या सेन्सरमुळे २४ चा रुंद कोन जातो, ती साधारण ३८-११२ सारखी वागते. पण पालखी आता परत ३२०० ला मिळत होती! घरी येऊन शेजारी शेजारी लावलं. थोरल्याचा फोटो स्वच्छ, धाकट्याचा किंचित रवाळ, पण अल्बममध्ये लावण्यासारखा. पाचपट फरकातला बराचसा फरक कॅमेऱ्याचा नव्हताच, लेन्सचा होता. दुकानात मात्र कॅमेऱ्याच्या नावावर सगळं विकलं जातं.

इथे थोडं मागे जातो, कारण हे सगळं चालू असताना आईने कपाटातून जुना डबा काढला.

आमच्या घरी आगफा क्लिक थ्री होता. माझ्या वयाच्या पुष्कळांच्या घरी असेल. आपल्या देशातच, बडोद्याला तयार व्हायचा. १२० चा रोल, त्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो, फारसं काही जुळवायची सोय नाही. त्याच काळात व्यावसायिक लोक वरून बघायचा, दोन डोळ्यांचा रोलायफ्लेक्स किंवा याशिका वापरायचे. फिल्म तीच, चौकोनही तोच, आणि किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर. म्हणजे सोन्याचा आजचा प्रश्न साठ वर्षांपूर्वीही होताच.

त्या डब्यात एक फोटो आहे. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला कोयनेचा भूकंप झाला. त्यानंतर कितीतरी रात्री लोक घरात झोपायला तयार नव्हते. आमच्याही घरातली माणसं बाहेर, साड्या आणि सतरंज्या बांधून केलेल्या आडोशाखाली राहिली. दादा तेव्हा दीड वर्षांचा, मी आणि बहीण तर जन्मायचेच होतो. वडिलांनी त्या आडोशाचा एक फोटो क्लिक थ्रीने काढलाय. आजी चुलीपाशी, आईच्या मांडीवर दादा, मागे बांधलेली साडी वाऱ्याने फुगलेली. फोटो हललेला आहे. आजीचा हात नीट दिसत नाही. आमच्या घरात त्याच्याइतका मौल्यवान फोटो दुसरा नाही. वसाहतीतल्या एखाद्या समारंभाचे रोलायफ्लेक्सने काढलेले सुबक फोटोही त्या डब्यात आहेत, आणि त्यातली निम्मी माणसं कोण हे आता आईलाही सांगता येत नाही.

आणि एक फोटो त्या डब्यात नाही. वडिलांनी उभी नोकरी डोंगराच्या पोटात केली. पण त्यांचा कामावरचा, यंत्राशेजारी उभा असलेला एकही फोटो आमच्याकडे नाही. आत कॅमेरा न्यायला मनाई, आणि वडील नियमाचे पक्के. त्यांच्या हाताला येणारा वंगणाचा वास मला आठवतो. पण ते जिथे पाळी करत ती जागा दिव्यांच्या उजेडात कशी दिसायची, हे मला फक्त त्यांच्या बोलण्यातून माहीत आहे. यात कुठल्याच कॅमेऱ्याचा उपयोग नव्हता. क्लिक थ्रीचा नाही आणि आजच्या ४५ मेगापिक्सेलचाही नाही.

हे सगळं सोन्यानेही ऐकलं. ऐकून म्हणाला, "मामा, आजोबांचा फोटो हलला तरी चालला, कारण तो घरचा होता. माझं गिऱ्हाईक हललेल्या फोटोचे पैसे देईल का?"

पोरगं हुशार आहे. हा मुद्दा मला खोडता आला नाही. आणि या मुद्द्यापासूनच थोरल्या कॅमेऱ्याची खरी बाजू सुरू होते, ती मेगापिक्सेलमध्ये नाहीच.

पहिली गोष्ट, कार्ड. थोरल्यात मेमरी कार्डाचे दोन खण आहेत, धाकट्यात एकच. थोरला प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर लिहू शकतो. एक कार्ड मेलं तरी दुसरं जिवंत. आमच्या नात्यातल्या एका लग्नात कार्ड बिघडलं आणि अख्ख्या सकाळचे फोटो गेले. त्या बिचाऱ्या फोटोग्राफरचं नाव घेत नाही, पण त्या घरात अजूनही लग्नाचा विषय निघाला की आधी तो निघतो. घरचा फोटो गेला तर आपण चुकचुकतो. लग्नाचा गेला तर नवरा-नवरीला परत सप्तपदी चालायला सांगता येत नाही.

दुसरी, बॅटरी. धाकट्याची १०४० मिलिअँपिअर-तासाची, थोरल्याची २१३०. धाकट्याला पालखीच्या रात्री दोनदा बॅटरी बदलावी लागली, थोरल्याला एकदा.

तिसरी, अंगभूत बळकटी. थोरल्याच्या सांध्यांना पाणी-धुळीपासून आडोसा आहे, त्याचं शटर कंपनीने पाच लाख वेळांसाठी तपासलेलं आहे, आणि हाताची थरथर सावरायला त्याचा सेन्सरच आत हलतो. धाकट्यात हे नाही. पालखीत गुलाल उधळला तेव्हा सोन्याने धाकट्यावर दुधाची धुतलेली पिशवी चढवली होती, मी थोरला तसाच वापरला. आणि हा तर शिमगा. आपल्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. श्रावणातल्या मंगळागौरीला अंगणातून ओटीवर येईपर्यंत माणूस भिजतो तिथे कॅमेऱ्याची काय कथा!

चौथी, बटणं. थोरल्याच्या अंगावर प्रत्येक कामाला वेगळं बटण आहे. डोळा न हटवता, अंधारात, बोटांनी सगळं बदलता येतं. धाकट्यात त्यासाठी पडद्यावरच्या याद्यांत शिरावं लागतं. घरच्या फोटोला तीन सेकंद म्हणजे काहीच नाही. अक्षता पडताना तीन सेकंदांत सगळं संपतं.

या चारही गोष्टींचा फोटोच्या 'सुंदरपणाशी' काही संबंध नाही. ज्याला दुसरी संधी नाही, त्याच्यासाठी त्या आहेत. चांगल्या दिवशी दोन्ही कॅमेरे चांगले फोटो काढतात. थोरल्याचे जास्तीचे पैसे वाईट दिवसासाठी आहेत. विम्याच्या हप्त्यासारखे.

पाचवी गोष्ट सोन्याने सांगितली, ती मला सुचली नसती. "मामा, यजमान कॅमेरा बघतात. छोटा काढला की म्हणतात, एवढ्यासाठी तुला बोलवायचं होय, आमच्या पोराच्या फोनवर काढलं असतं." धंद्यात हेही खरं आहे. वकिलाचा काळा कोट न्यायाला लागत नाही, पण अशिलाला लागतो.

मग पाटल्या गहाण ठेवायच्या का?

मी आणि सोन्या ओटीवर वही घेऊन बसलो. थोरल्याची किंमत भागिले एका दिवसाचं भाडं. जेवढा आकडा येईल तेवढे लग्नाचे दिवस दोन हंगामांत हातात आहेत का? असतील तर विकत घ्यावा. नसतील तर ज्या दिवशी लागेल त्या दिवशी चिपळूण, कराड किंवा पुण्याहून भाड्याने आणावा. सोन्याच्या हातात पक्की लग्नं होती सहा. आकडा त्याच्या कितीतरी पुढे होता.

दुसरं म्हणजे, व्याज सुरू झालं की ते पावसाळा बघत नाही. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, लग्नं नाहीत, आणि हप्ता मात्र दर महिन्याला. शिवाय त्याच महिन्यांत दमट हवेने लेन्सच्या आत बुरशीच्या जाळ्या धरतात. म्हणून घट्ट झाकणाचा डबा आणि ओलावा ओढणारं सिलिका जेल ही कोकणातल्या फोटोग्राफरची पहिली खरेदी असायला हवी. आणि २२ जुलै २०२१ चा महापूर चिपळुणात कोण विसरलंय? बाजारपेठेचे तळमजले बुडाले, आयुष्यभराची दुकानं एका दिवसात चिखल झाली. त्या गावात कर्जाचा कॅमेरा तळमजल्यावर ठेवून आणि त्याचा विमा न काढता झोप लागेल का? हे ऐकल्यावर सोन्या बराच वेळ गप्प होता.

शेवटी उत्तर त्यानेच काढलं, आणि ते माझ्या डोक्यात आलेलंच नव्हतं. तो म्हणाला, "मामा, एका थोरल्याऐवजी दोन धाकटे घेतले तर?" त्याच्या स्टुडिओतला एक मित्र जोडीला यायला तयार आहे. दोघांच्या हातात दोन धाकटे कॅमेरे. एक नवरीकडून, एक नवऱ्याकडून. एकाचं कार्ड मेलं तरी दुसऱ्याकडे लग्न शिल्लक राहतं. म्हणजे दोन खणांचं काम दोन माणसांनी करायचं! एकावर सोबतचीच लेन्स आणि दुसऱ्यावर ५० मिलिमीटर एफ/१.८ ची, जी फक्त १६० ग्रॅमची आहे आणि लेन्सच्या बाजारात सगळ्यात स्वस्तांपैकी एक. अंधाराचं बरंच काम ती करेल. रात्रीचं किंवा पावसातलं लग्न असेल त्या दिवशी थोरला भाड्याने. (यजमानांना दाखवायलाही तोच.) दोन हंगामांनी वही परत उघडायची आणि तेव्हाही थोरला हवासा वाटला तर जुना, वापरलेला बघायचा. नवी आवृत्ती आल्यामुळे पहिल्या आर५ कडे आता लोक सेकंडहँडच्या बाजारातही बघायला लागलेत.

हे सगळं अगदी चोख आहे असं मी म्हणणार नाही. दोन धाकटे मिळूनसुद्धा पावसात एका थोरल्याची जागा घेत नाहीत, आणि ५० ची लेन्स छोट्या मांडवात मागे सरकायला जागा मागते. जोडीदार आज आहे, उद्या नोकरी धरेल. पण दुसऱ्या धाकट्याचे पैसे सोन्याच्या बचतीतून निघतात, आणि सहा लग्नांत ते भरून येतील असं वहीत तरी दिसतंय.

बहिणीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आहे त्यात भागतं ना?" मी म्हटलं, "भागत नाही. भागवायचं ठरवलंय त्याने." त्यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाटल्या कपाटातच आहेत म्हणावं. दोन वर्षांनी खरंच लागल्या तर माग म्हणावं, मी नाही म्हणायची नाही."

थोरला कॅमेरा धुळवडीनंतर पुसूनपासून मित्राला पोचता केला. पहिलं लग्न वैशाखात आहे, खेर्डीच्या एका कार्यालयात, दुपारच्या मुहूर्ताचं, म्हणजे ताटली भरेल एवढा पाऊस नक्की. मी नातेवाईक म्हणून नाही, सोन्याच्या बॅटऱ्या चार्ज करायला जाणार आहे.